वाहनाचा उपयोग, एका शब्दात

गाडी आमच्याकडे कशी आली ती हकिकत मी सांगणार नाही. ती सांगायला लागलो की बायको उठून आत जाते, आणि मग पुढचं ऐकायला कुणी उरत नाही. आली, एवढं पुरे. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, म्हणून तिच्याविषयी मी जरा अदबीनेच बोलतो. ऊन असलं की ती निळी दिसते, आभाळ आलं की राखाडी. मागची सीट अशी ऐसपैस, की माणूस पाय पसरून झोपेल. दारं इतकी जड, की लावल्यावर धप्प असा एकच आवाज होतो आणि रस्ता, शेजार, मिक्सरची घरघर, सगळं एकदम लांब जातं. किलोमीटरचा आकडा बंद पडलेला आहे. तो कितीवर बंद पडलाय हे मला पाठ आहे, पण ते सांगितलं तरी बायको उठते.

आमचं घर तळमजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. राहणारे चौघं: मी, बायको, अकरावीतली मुलगी आणि माझे सासरे. सासरे बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि लेकीकडे राहायला आले. घरापुढे छोटं पोर्च, त्यात गाडी. गाडी पोर्चपेक्षा दीड वीत लांब आहे. त्यामुळे फाटक कधी पूर्ण लागत नाही आणि मागचा बंपर फुटपाथवर डोकावतो. या दीड वितीनेच पुढे घात केला.

माझा बेत साधा होता. गाडी सुरू करायची आणि रोज तिच्यातून ऑफिसला जायचं. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रुफं तपासतो. लोकांना वाटतं, सरकारी फॉर्म आणि नोटिसा आभाळातून पडतात. त्या माझ्या टेबलावरून पडतात. तेवीस वर्षं मी बसने उभ्याउभ्या ऑफिसला जातोय. एकदा तरी स्वतःच्या गाडीतून त्या फाटकात शिरावं आणि पहारेकऱ्याने स्टुलावरून उठावं, एवढीच माझी इच्छा होती. तसं मी घरात जाहीर केलं. म्हटलं, "सुरू झाली की रोज सकाळी नऊला निघणार, संध्याकाळी सहाला परत." सासरे "बरं" म्हणाले.  बायको हातातली सुई तशीच धरून गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाडी बिघडलेली नव्हती. ती सुरू व्हायची. फक्त माझ्या हातून व्हायची नाही.

मिस्तरी आठवड्यातून एकदा यायचा. बॅटरी चार्ज करून आणायचा, किल्ली फिरवून सेल मारायचा, आणि पहिल्या झटक्यात इंजिन गुरगुरायला लागायचं. मी बहुतेक वेळा ऑफिसात असायचो. घरी आल्यावर मुलगी सांगायची, "बाबा, आज दहा मिनिटं चालू होती. मस्त आवाज येतो." मी कपडेही न बदलता गाडीत बसायचो, चोक ओढायचो, सेल मारायचो. घर्र, घर्र, घर्र, आणि पुढे काही नाही. मुलगी पोर्चच्या भिंतीवर खडूने रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. तिचं गणित कच्चं आहे असं तिच्या बाई म्हणतात, पण या हिशेबात तिने कधी चूक केली नाही.

एकदा मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिस्तरी यायच्या वेळी हजर राहिलो. तो यायच्या आधी बायको बाहेर जाऊन फडक्याने बॉनेट पुसून आली. तशी ती नेहमीच पुसायची. म्हणायची, "परक्या माणसापुढे धूळ बरी दिसत नाही." ज्या बाईने त्या गाडीचा "तुमचं ते धूड" याखेरीज कधी उल्लेख केला नाही, तिने एवढं करावं याने मला भरून यायचं. मिस्तरी आला, सेल मारला, गाडी सुरू. आनंदाच्या भरात मी शर्ट बदलायला आत गेलो, कारण बनियनवर पहिली फेरी मारणं मला गाडीच्या दृष्टीने योग्य वाटेना. बाहेर आलो तर मिस्तरी इंजिन बंद करून गेलेला आणि बायको पुन्हा बॉनेट पुसत होती. मी ऐटीत बसलो आणि सेल मारला. घर्र, घर्र, घर्र. मुलीने खडू उचलला.

पुढच्या खेपेला मी मिस्तरीला गाठलं. तो मितभाषी माणूस. बराच वेळ विचार करून म्हणाला, "साहेब, गाडीत खोट नाही." मग हात पुसत म्हणाला, "आता माझ्या तोंडून कशाला वदवून घेता?"

अशा गोष्टी कॉलनीत लपून राहत नाहीत. वरच्या मजल्यावर हवामानखात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते रोज सकाळी गॅलरीतून वाकून सांगायचे, "आज सुरू होण्याची शक्यता मध्यम ते कमी." समोरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही तिच्यावर ओरडता का हो? जुन्या वस्तूंना लागतं ते." मी कधीच ओरडलो नव्हतो. पण त्यांचं ऐकून दोन दिवस मी स्टिअरिंगवर हात ठेवून गाडीशी हळू आवाजात बोललो. तिसऱ्या दिवशी काका वरून म्हणाले, "जरा मोठ्याने बोला, आम्हालाही कळू दे." त्यानंतर मी काचा वर करून बोलायला लागलो.

खरं सांगायचं तर काचा वर केल्या की मला बोलायचीही गरज वाटायची नाही. रविवारी सकाळी मी तिच्यात जाऊन बसायचो. स्टिअरिंगवर हात ठेवायचा आणि समोर बघायचं. समोर आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे, तिच्यावर पाण्याचा पाइप. थोड्या वेळाने पाइप दिसेनासा व्हायचा आणि एक सरळ रस्ता सुरू व्हायचा. दोन्ही बाजूंना उंच झाडं, त्यांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत मागे जायच्या, आणि रस्त्याच्या शेवटी पाणी चमकत असायचं. ते पाणी समुद्राचं की तळ्याचं, हे मला कधीच कळलं नाही. तिथे पोचायच्या आत कुणीतरी काचेवर टकटक करायचं. कुणाला पिशवी हवी असायची, कुणाला डब्याचं झाकण लावून हवं असायचं.

सासऱ्यांना मी एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही एवढी वर्षं गाडी हाकलीत. काय बिघडलंय, सांगा ना." ते पेपरामागून म्हणाले, "जावईबापू, चालकाशी बोलू नये, अशी पाटी डोक्यावर घेऊन मी बत्तीस वर्षं काढली. आता तुम्ही चालक." आणि त्यांनी पान उलटलं.

माझा जीव मात्र गाडीत अडकलेला. रोज दुपारी दोनच्या सुट्टीत मी ऑफिसातून घरी फोन करायचो, मिस्तरी आला का, बॅटरी आणली का म्हणून. फोन वाजत राहायचा. संध्याकाळी मी विचारायचो, "दोन वाजता फोन का उचलत नाहीस?" बायको म्हणायची, "ऐकू आला नसेल." दोन खोल्यांच्या घरात फोन कसा ऐकू येत नाही, हा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही. मी प्रुफातली निसटलेली वेलांटी हातभर अंतरावरून पकडतो. घरातलं काही पकडायचा मला पगार नाही.

मग एके दिवशी पुढच्या काचेवर नोटीस चिकटलेली दिसली. "सार्वजनिक जागेवर आढळलेले बेवारस व अचल वाहन." पंधरा दिवसांत नोंदणीचं नूतनीकरण करून दाखवा, नाहीतर वाहन उचलून मोडीत काढण्यात येईल. सार्वजनिक जागा म्हणजे ती दीड वीत. मी सवयीने आधी नोटिशीतल्या चुका शोधल्या. एकही नव्हती. मीच तपासली होती ती, मागच्या वर्षी. 'बेवारस'नंतर कुणीतरी टाकलेला स्वल्पविराम मीच काढला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते हेच.

हवामानकाका म्हणाले, बंपर कापा. समोरच्या काकू म्हणाल्या, स्वयंपाकघराची भिंत दीड वीत आत घ्या. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "भिंतीला हात लावलात तर बघा." पण नोटीस तिने दोनदा वाचली, आणि 'मोडीत' या शब्दाशी आल्यावर ती थांबली, हे मी पाहिलं.

नूतनीकरणासाठी मी वाहन कार्यालयात गेलो. फॉर्म आपल्याच छापखान्याचा बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सहावा रकाना होता, 'वाहनाचा उपयोग (एका शब्दात)'. मी लिहिलं, 'खाजगी'. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हा प्रकार झाला. उपयोग काय?" मी खोडून 'प्रवास' लिहिलं. त्यांनी जुनी वही काढून बघितली. "कागदोपत्री एकोणीस वर्षं ही गाडी जागची हललेली नाही. प्रवास कसला?" मी दुसरा फॉर्म घेऊन 'हौस' लिहिलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "काका, हौस हा काय उपयोग आहे का?"

मी म्हटलं, "एका शब्दात बसत नाही हो."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "रोज दहा माणसं इथेच अडकतात. कुणी शहाण्याने केलाय हा फॉर्म कुणास ठाऊक. एकदा भेटायला पाहिजे तो माणूस."

तो माणूस मीच, हे मी सांगितलं नाही. मूळ प्रतीत 'थोडक्यात' होतं. त्या ओळीत तीन रकाने होते आणि दोन ओळी केल्या तर फॉर्म पान ओलांडत होता, म्हणून लांब वर्णन कुणी लिहूच नये यासाठी 'एका शब्दात' हा उपाय मी सुचवला होता. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. माझ्या नोकरीतली ती एकमेव शाबासकी.

शेवटी बाईंनी सहावा रकाना कोरा ठेवून शिक्का मारला. म्हणाल्या, "गुरुवारी अकराला निरीक्षक येतील. गाडी त्यांच्यासमोर सुरू करून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायची. चालली तर ते रकाना भरतील. नाही चालली तर उचलायचा ट्रक बरोबरच असतो, तुम्हाला पुन्हा हेलपाटा नको."

मी मिस्तरीला गुरुवारी दहाला बोलावलं. बुधवारी त्याचा निरोप आला की कंबर धरली आहे, अंथरुणातून उठता येत नाही. बरोबर सल्लाही होता: घाबरू नका, गाडीत खोट नाही.

गुरुवारी मी सहालाच उठलो, स्वतः बॉनेट पुसलं आणि गाडीत जाऊन बसलो. उठलोच नाही. चहा तिथेच घेतला. खरं तर मी निरोप घेत होतो. रेक्झिनला जुन्या वर्तमानपत्रांचा वास येत होता, ऊन पाइपवरून भिंतीवर उतरत होतं, आणि मी त्या झाडांच्या रस्त्याने शक्य तेवढं लांब जायचा प्रयत्न करत होतो. बायको तीन वेळा फडकं घेऊन आली. "जरा उतरा ना, बॉनेट पुसते." मी म्हटलं, "राहू दे गं, आज मी पुसलंय." दुसऱ्यांदा म्हणाली, "आंघोळ करून या तोवर." मी म्हटलं, "झाली." तिसऱ्यांदा ती नुसतीच उभी राहिली, फडकं पिळत. फडकं कोरडं होतं. मला वाटलं, हिलाही वाईट वाटतंय. मी काच खाली करून म्हटलं, "जाऊ दे. तुझं पोर्च मोकळं होईल." तिचा चेहरा इतका उतरला की मी पुन्हा काच वर केली.

अकराला निरीक्षक आले. हातात फाईल, स्वभावाने सौम्य. मागे ट्रक. ट्रकवाल्याने आल्याआल्या साखळी खाली सोडून ठेवली, तयारी म्हणून. हवामानकाका गॅलरीत, काकू फाटकापाशी, मुलगी खडू घेऊन. सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. पेपर वाचून झाल्याशिवाय ते घडी घालत नाहीत, म्हणजे प्रसंग गंभीर होता.

मी चोक ओढला. सेल मारला. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा मारला. घर्र, घर्र. बॅटरी दमायला लागली होती. निरीक्षक घड्याळाकडे न बघता थांबले होते, त्याचं जास्त वाईट वाटलं. ट्रकवाला म्हणाला, "लावू का साखळी?"

"थांबा," बायको म्हणाली.

ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. बटणांचा. माझ्या शर्टाचं बटण तुटलं की त्यातलंच लागतं. डबा तिने बॉनेटवर ठेवला, झाकण काढलं, दोऱ्याची रिळं बाजूला केली आणि एका सुती चिंधीत गुंडाळलेला अंगठ्याएवढा काळा तुकडा बाहेर काढला. मग डबा मुलीच्या हातात दिला, बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कडेची काळी टोपी दोन क्लिपा सोडून उचलली, तुकडा आत बसवला, टोपी लावली आणि बॉनेट मिटलं. हे सगळं एवढ्या वेळात, की मला चष्मा लावायलाही तेवढा वेळ लागतो.

"आता मारा," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी सेल मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

 सासरे पुटपुटले, "रोटर. तो काढून खिशात टाकला की गाडी कुणाला नेता येत नाही. लहानपणी मीच शिकवलं होतं पोरीला." मुलीने भिंतीकडे बघितलं. भिंतीवर एकेचाळीस रेघा होत्या. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो, आणि तोही बसल्या जागी.

निरीक्षक पुढे बसले. बायको मागचं दार उघडून आत आली आणि उजव्या कोपऱ्यात बसली. रोजची जागा असावी तशी बसली. धप्प असा आवाज झाला आणि कॉलनी लांब गेली. मी गाडी रस्त्यावर काढली. एकेचाळीस वेळा जो क्षण डोळ्यांपुढे आणला होता तो आला होता, आणि मला रडावं की भांडावं ते कळत नव्हतं.

"का?" मी आरशात बघून विचारलं. निरीक्षक सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागले.

"दुपारी दोन ते तीन मी इथे बसते," ती म्हणाली. "बाबा झोपतात, पोर कॉलेजात असते. तेवढाच एक तास. घरात मी कुठेही बसले तरी समोर काहीतरी करायचं राहिलेलं दिसतं. इथे दिसत नाही. काचा जाड आहेत, कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही."

"फोनसुद्धा," मी म्हटलं.

"फोनसुद्धा. तुम्ही म्हणालात, सकाळी नऊला नेणार आणि सहाला आणणार. मग मी कुठे बसू? नुसतं म्हणून बघितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढं काय, बाहेरच्या खोलीत बस."

मी तसंच म्हणालो असतो. शब्दसुद्धा तेच. आणि मला फार लाज वाटली, एकेचाळीस रेघांपेक्षा जास्त.

"मिस्तरीच्या वेळी लावत होते परत," ती हळूच म्हणाली. "आजही लावणार होते. तुम्ही उतरलाच नाहीत."

कोपरा आला. नियमाप्रमाणे तिथून वळायचं होतं. निरीक्षक म्हणाले, "इंजिन गरम झालेलं बघावं लागतं. जाऊ द्या थोडं पुढे." नियमात असं काही नाही. ती नियमावलीही मीच तपासली आहे.

पुढचा रस्ता रुंद होता. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या सावल्या बॉनेटवरून मागे जायला लागल्या. मी विचारलं, "बसून काय करतेस?"

"काही नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "जाते कधीकधी. सरळ रस्ता आहे. झाडं आहेत. शेवटी पाणी."

मी ब्रेकवर पाय ठेवला, मग काढला. "समुद्र आहे का तळं?"

"तळं," ती लगेच म्हणाली.

तिला एक तास मिळत होता ना. ती पोचत होती.

"आणि गाडी कोण चालवतं?"

"मागून नुसती मान दिसते," ती म्हणाली. "केस कापायला झालेत."

परत आलो तेव्हा ट्रकवाल्याने साखळी गुंडाळून ठेवली होती. निरीक्षकांनी बॉनेटवर फाईल उघडली, इंजिन चालते, दिवे लागतात, भोंगा वाजतो असं एकेक लिहीत सहाव्या रकान्यापाशी आले. "वाहनाचा उपयोग," त्यांनी वाचलं. "एका शब्दात." आणि कंटाळून मान हलवली. "काय लिहू?"

मी बायकोकडे बघितलं. तिने शिवणाचा डबा छातीशी धरला होता.

"बसण्यासाठी," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. रकान्यात अगदी बरोबर मावलं.

आता गाडीला कागद आहेत, त्यामुळे बंपर डोकावतो त्याला कुणी काही म्हणत नाही. मी बसने ऑफिसला जातो. पहारेकरी स्टुलावरून उठत नाही. रोटर शिवणाच्या डब्यात असतो. रविवारी सकाळी ती स्वतः तो काढून देते, आम्ही चौघं जाऊन येतो, आणि आल्यावर मी तो चिंधीत गुंडाळून परत ठेवतो. केस मी दुसऱ्याच दिवशी कापून आलो.

ऑफिसात दुपारी सुट्टी होते. टेबलावर फोन आहे. मी डबा खातो, भिंतीवरचं घड्याळ दोनला येतं, आणि मी फोन करत नाही.